दुसरी चाबी

कॉम्प्युटरचं लिनक्स येणाऱ्या माणसाला कोणाच्या बापाला काही विचारावं लागत नाही, असं खुमेंद्र बिसेन पुण्याच्या ऑफिसात सगळ्यांना ऐकवायचा. याच तोऱ्यावर त्याने तिथल्या साहेब असलेल्या मॅडमकडून आमगावजवळच्या आपल्या गावी बसून काम करायची परवानगी मिळवली होती. दिवाळीपर्यंत, आणि तीही अटीवर: एक दिवस जरी काम अडलं, तर बॅग भरून पुण्याला परत. पुण्यात तिघांत एक खोली होती आणि मेसची पातळ डाळ होती. इथे माय होती, बाबूजींचे दुखरे गुडघे होते, घरच्या चिन्नोर तांदळाचा भात होता. खुमेंद्रला परत जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्याने लॅपटॉप उघडला, कंपनीने दिलेली चाबी खोचली, आणि काहीच झालं नाही.

ही चाबी म्हणजे पेनड्राइव्हएवढी काळी पट्टी. ती लॅपटॉपच्या भोकात लावायची, तिच्यावरचा दिवा लुकलुकला की बोट टेकवायचं, मग कंपनीचं दार उघडतं. नुसता पासवर्ड पाठ असून भागत नाही. आज दिवा लागलाच नाही. चाबी जरा घट्ट बसत होती, पण घाईत तिकडे कोण बघतो? लॅपटॉपचं दुसरं भोक तर मागच्या पावसाळ्यातच वारलं होतं.

तीन वाजता मॅडमबरोबर बैठक होती. सहा तास हातात होते, आणि लिनक्स येत होतं. खुमेंद्रने बाह्या सरसावल्या.

जोडलेल्या वस्तूंची यादी काढली. कॅमेरा होता, ब्लूटूथ होतं, चाबीचा पत्ता नव्हता. कोणत्या वस्तूला कोणी हात लावायचा याचे नियम लिनक्समध्ये एका फाइलीत लिहिलेले असतात. ते त्याने नव्याने लिहिले. लॅपटॉप बंद केला, चालू केला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. हे अकरापर्यंत चाललं.

"काऊन रे, सकाळपासून तोंड पाडून बसला?" माय स्वयंपाकघरातून म्हणाली. तिचं नाव धनवंताबाई, पण त्या घरात ते फक्त रेशनकार्डावर होतं.

"चाबी चालून नाही राहिली, माय."

माय खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली. "दोन थेंब सोड भोकात. गोदामाचं कुलूप असंच करते."

"ही तशी चाबी नाही."

"चाबी ते चाबी. तशी नाही म्हणजे कशी?"

खुमेंद्रने लॅपटॉप मांडीवर ओढला आणि दोन्ही हातांनी झाकून धरला. बारा वाजता त्याला संशय आला, की गेल्या आठवड्यात बदललेल्या कर्नलमुळे हे होत असावं.

"सगळं त्या कर्नलचं काम आहे," तो स्वतःशीच पुटपुटला.

खाटेवर गुडघ्याला तेल चोळत बसलेले बाबूजी, म्हणजे जीवनलाल बिसेन, दचकले. "मिलिटरीवाले कायले पडले यात?"

"बाबूजी, कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा असतो."

बाबूजींनी थोडा विचार केला. "मनिरामले फोन लावू का?"

"हं," खुमेंद्र म्हणाला. जुना कर्नल परत आणण्याच्या नादात बाबूजींनी काय विचारलं ते त्याने ऐकलंच नव्हतं.

जुना कर्नल आला. चाबी नाही आली. दोन वाजता मॅडमचा फोन आला, तेव्हा त्याला सगळं सांगावंच लागलं.

"खुमेंद्र, एक की चालत नसेल तर दुसरी वापर. दोन नोंदवून ठेवा म्हणून मी मेल केला होता ना?"

तो मेल खुमेंद्रने तारा लावून जपून ठेवला होता, नंतर वाचायला.

"ठीक आहे. तीनला दिसला नाहीस, तर उद्याचं तिकीट काढ."

त्याचे डोळे भरून आले. पाच तास तो स्वतःला आलेलं सगळं लिनक्स वापरून बसला होता आणि आता त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं.

अडीच वाजता दारात मोपेड थांबली. आमगावच्या स्टेशनाबाहेर चाब्या बनवणारा मनिराम पेटी घेऊन आत आला. "कुलूप कुठं आहे?"

बाबूजींनी लॅपटॉपकडे बोट दाखवलं. मनिरामने चाळीस वर्षांत तऱ्हेतऱ्हेची कुलुपं पाहिली होती. त्याला काही वाटलं नाही. त्याने चष्मा लावला आणि बॅटरी भोकात मारली.

"अंदर कुछ तो फसा है," तो म्हणाला.

एरवी खुमेंद्र आडवा आला असता. आज त्याने नुसता लॅपटॉप बंद करून पुढे सरकवला. मनिरामने प्लास्टिकची बारीक काडी घातली, कान साफ करावा तशी फिरवली, आणि तळहातावर एक तांदूळ ठेवला. हळदीने पिवळा, टोकाला कुंकू.

बाबूजींनी तो उजेडात धरला. "चिन्नोर. आपल्याच धानाच्या बांधीतला."

तिघांनी मायकडे पाहिलं. काल दसऱ्याला विळे, फावडी आणि ट्रॅक्टरबरोबर तिने लॅपटॉपही भिंतीला टेकवून, तसबिरीसारखा उभा पुजला होता. भोक वरच्या अंगाला होतं आणि अक्षता तिने मूठभर वाहिल्या होत्या.

"पूजा केली म्हणून नुसता अडला," माय म्हणाली. "नाही तर जळला असता."

तीनला आठ मिनिटं कमी असताना चाबीचा दिवा लुकलुकला. खुमेंद्रने बोट टेकवलं, दार उघडलं. मनिरामने चहा संपवला आणि पेटी बंद करता करता विचारलं, "एकच चाबी आहे? दुसरी काऊन नाही करून ठेवली?"

परवानगी वाचली. कंपनीच्या फॉर्मात बिघाडाच्या कारणापुढे खुमेंद्रने 'बाह्य वस्तू' असं लिहिलं, तेव्हा ती बाह्य कुठून, घरचीच होती, असं बाबूजींचं मत पडलं.

आठवड्याने कुरियरने दुसरी चाबी आली. मॅडमनी बजावलं होतं, ही रोज वापरू नकोस, कुठेतरी सुरक्षित ठेव. खुमेंद्रने ती नोंदवली आणि मायच्या हातात दिली. जेवताना त्याने सहज विचारलं, कुठे ठेवली?

"कोणाचाच हात नाही पोचत तिथं," माय भात वाढत म्हणाली. "चिन्नोरच्या डब्यात. पार बुडाशी."