एकशे सेहेचाळीस नावं

प्रेरणाच्या लग्नपत्रिकेत कुणाचं नाव कुणाच्या वर छापायचं, यावर कान्हे गावात तिच्या वडिलांच्या, अंबाजींच्या ओटीवर तीन बैठका झाल्या. शेवटी भावकीतली एकशे सेहेचाळीस नावं अंबाजींच्या फोनमध्ये टाइप झाली. थोरले चुलतभाऊ गेणू सातव्या नंबरावर आले म्हणून रुसले आणि लग्नाला येणार नाही म्हणाले. अंबाजींच्या जिवाला तोच एक घोर होता.

सोमवारी यादी कामशेतच्या छापखान्यात द्यायची, आणि रविवारी फोन घडोघडी अडायला लागला. प्रेरणा आंबीच्या कारखान्यात कंप्युटरवर काम करायची. ती म्हणाली, "आबा, कंपनीनं या जुन्या फोनकडं बघणं सोडलंय. तिचं कुलूप उघडून मी दुसरी सिस्टीम टाकते. मग पळेल."

"कुलूप माज्या फोनला आन किल्ली कंपनीकडं?" अंबाजींना हा सरळसरळ दरोडाच वाटला. "उघड."

"पण आतलं सगळं पुसलं जाईल."

"थांब." त्यांनी फोनमधलं सिमकार्ड काढलं आणि देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवलं. "समदं ह्या कार्डात असतंय. आता पूस."

प्रेरणाला वाटलं, यादी आबांनी वहीत उतरवली असणार.

तासाभरात फोन खरंच पळायला लागला. अंबाजींनी कार्ड घातलं, यादी शोधली, पुन्हा शोधली. यादी सोडाच, सकाळचे सुविचारसुद्धा शिल्लक नव्हते.

बातमी घरोघर गेली. रात्र व्हायच्या आत प्रत्येक जण आठवेल तसा क्रम सांगून गेला. तेवीसजणांना आपलं नाव पहिलं असल्याचं स्पष्ट आठवत होतं.

"आता चवथी बैठक?" प्रेरणाच्या आईनं, रेणुकाबाईंनी विचारलं.

"न्हाई. चवथीला मीच उरायचो न्हाई," अंबाजी म्हणाले. त्यांनी सोमवारी पत्रिकेवर फक्त आईबापाची नावं आणि खाली 'समस्त भावकी' असं छापून घेतलं.

मग ते धास्तावून वाट पाहत बसले. पण कुणीच रुसलं नाही. रुसायला कुणीतरी आपल्या वर असावं लागतं, आणि इथं वर कुणीच नव्हतं. दोष फोनचा, आणि फोनशी भांडणार कोण? लग्नात भावकी झाडून हजर होती. गेणूभाऊंनी तर स्वतः पंगतीत बुंदी वाढली. त्यांना बघून अंबाजींचे डोळे भरून आले.

पाठवणीच्या गडबडीत गेणूभाऊ हळूच नवरीजवळ आले आणि त्यांनी तिच्या हातात फोन दिला.

"पोरी, एवढं कुलूप उघडून दे."

प्रेरणानं फोन चालवून पाहिला. "तात्या, हा तर नवाकोरा आहे. छान पळतोय की."

"पळू दे," गेणूभाऊ इकडंतिकडं बघत म्हणाले. "आमच्या सत्यमचं लगीन ठरलंय. एकशे साठ नावं हायेत त्यात."