गोंधळाची रंगीत तालीम

"साहेब इथून जातील ते मला दुसरा शिक्षक देऊनच," मोठ्या बाईंनी शिपाईमामांना ठणकावून सांगितलं. "माझी मुलं माझ्या शब्दाबाहेर नाहीत."

बाईंचं दुखणं खरं होतं. सोबतचे गुरुजी निवृत्त झाल्यापासून तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसत होती. मुलं चौऱ्याऐंशी, बाई एकट्या! तिसरीला वजाबाकी समजावून वळेपर्यंत चौथी नकाशा विसरलेली असायची. आठ महिन्यांत एकाही वहीवर त्यांना धड नजर टाकता आली नव्हती, आणि हे त्यांच्या मनाला फार लागायचं. पाच अर्ज झाल्यावर आता कुठे शिक्षण खात्याचे साहेब पाहणीला येणार होते.

बेत सोपा होता. बाईंनी हातातलं डस्टर पाडलं की मुलांनी असा दंगा करायचा की साहेबांना घाम फुटला पाहिजे. पण बाई त्या बाईच! दंग्याचंही त्यांनी वेळापत्रक केलं. पहिल्या रांगेनं भांडायचं, दुसऱ्या रांगेनं किंचाळायचं, तिसऱ्या रांगेनं बाकांवर चढायचं, चपला काढून. दोन दिवस तालीम चालली.

"बाई, मी याला ढकलू का?"

"विचारायचं नाही रे, ढकलायचं," बाई कपाळाला हात लावत म्हणाल्या.

साहेब आले, खुर्चीत बसले. बाईंनी डस्टर पाडलं. पहिल्या बाकावरची मुलगी उठली, डस्टर उचलून बाईंच्या हातात दिलं आणि हाताची घडी घालून बसली. बाईंनी पुन्हा पाडलं. तिनं पुन्हा दिलं. तिसऱ्यांदा बाईंनी ते थेट खिडकीपाशी भिरकावलं, तर तिथल्या मुलानं ते झटकून आणलं आणि सांडलेला खडूही पुसला. बाईंनी डोळे वटारले, भुवया उडवल्या. वर्ग हूं की चूं करीना.

"एरवी असं नसतं हो, साहेब," बाई काकुळतीला आल्या. "मला खरंच झेपत नाही."

"किती हा विनय!" साहेब म्हणाले आणि वहीत बराच वेळ लिहीत राहिले.

साहेब गेल्यावर बाईंनी मॉनिटर मुलीला समोर घेतलं. तिला सगळे हवालदार म्हणत. "ठरलं काय होतं गं आपलं?"

"बाई, आम्ही मधल्या सुट्टीत वेगळं ठरवलं," हवालदार म्हणाली. "साहेबांसमोर तुमची लाज जाऊ द्यायची नाही. सगळ्यांनी शपथ घेतलीय."

बाईंना रागवायचं होतं, पण डोळेच भरून आले.

पंधरा दिवसांनी शिपाईमामा धापा टाकत आले. "बाई, शिक्षक आले! एक नाही, पाच!"

बाई हरखल्या. तिसरी कुणाला द्यायची, चौथी कुणाला, सगळं त्यांनी मनातल्या मनात वाटूनही टाकलं. मग पाहुण्यांनी आणलेलं पत्र उघडलं. 'एवढा मोठा वर्ग एकटीने सांभाळण्याची आपली हातोटी इतरांनी शिकावी, यासाठी पाच शिक्षक महिनाभर आपल्या वर्गात बसतील. त्यांना शिकवण्याचे काम देऊ नये.'

पाचही जण मागच्या बाकांवर गुडघे मुडपून बसले. त्यांनी कोऱ्या वह्या काढल्या. बाईंनी हजेरी घेतली, ती एकोणनव्वद भरली. वजाबाकीला सुरुवात करणार, तेवढ्यात मागून एका मिशीवाल्या गुरुजींनी बोट वर केलं.

"बाई, पाणी पिऊन येऊ?"