पेडणेकरकाकांची बहिरी

पेडणेकरकाकांना साधा प्रश्न विचारून साधं उत्तर मिळालंय, असा माणूस आमच्या सोसायटीत नाही. लिफ्टमध्ये सहज कुणी "काय काका, काय चाललंय?" म्हटलं, की ते चष्मा कपाळावर सरकवतात आणि उलट विचारतात, "कुठं? जमिनीवर, पाण्यात की हवेत?" नवखा माणूस गडबडून "जमिनीवर" म्हणतो आणि तिथंच फसतो. लिफ्ट खाली येईपर्यंत त्याला कळतं, की चित्ता ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास पळतो, पण जेमतेम अर्धं मिनिट. मग काका लिफ्टचं दार हातानं धरून ठेवतात आणि अमेरिकेतलं प्राँगहॉर्न नावाचं हरिण चित्त्याहून कमी वेगानं, पण कितीतरी लांबपर्यंत पळतं, हेही सांगून टाकतात. "वेग नंतर रे. आधी अंतर सांग!" हे त्यांचं शेवटचं वाक्य. वर कुणीतरी लिफ्टचं बटण दाबून दाबून थकलेलं असतं.

वर्तकनगरात त्यांच्या शेजारी मी उभा जन्म काढला, त्यामुळे माझं प्राणिशास्त्र पक्कं आहे. काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. कोण किती मिनिटं उशिरा आला, हे लिहिता लिहिता त्यांना वेगाचं वेड लागलं असावं, असा माझा अंदाज. स्वतः काका मात्र कमालीचे संथ. घोडबंदर रोडवर त्यांची स्कूटर ट्रॅफिक सुटल्यावरही ट्रॅफिकमध्ये अडकल्यासारखीच चालायची. मागचे लोक हॉर्न वाजवून रडकुंडीला यायचे. काका त्यांना शांतपणे पुढं जायची खूण करायचे आणि मागं बसलेल्या मला म्हणायचे, "चित्ते! सिग्नलला दमतील बघ."

त्यांच्याबरोबर मासे आणायला जाणं म्हणजे तर परीक्षाच. एकदा त्यांनी पाटीतली सुरमई उचलली, शेपटी तपासली आणि कोळीणमावशीला विचारलं, "ही ताशी किती जाईल?"

"ताशी?" मावशी कोयता खाली ठेवत म्हणाली. "मी किलोनं इकतंय. घ्याची तं घे, नायतं ठेव खाली!"

काकांना राग नाही आला. त्यांनी तिला पाठीवर शिडासारखा पर असलेल्या सेलफिशची हकिकत सांगितली. पुस्तकात त्याचा वेग शंभरच्या वर दिलाय, पण नवीन मोजणीवाले म्हणतात, छे, एवढा नाही. "म्हणजे पाण्यातला नंबर सध्या वादात आहे," असं काका गंभीरपणे म्हणाले. मावशीनं तेवढ्यात तीन गिऱ्हाइकं उरकली होती.

माणसांनाही काका प्राण्यांत बसवायचे. मी कॉलेजात असताना ते मला चित्ता म्हणायला लागले. मी दोन वर्षं छाती काढून चाललो. मग मी तबल्याचा क्लास चौथ्या महिन्यात सोडला, तेव्हा ते माझ्या वडिलांना सांगत होते, "मी म्हटलंच होतं. चित्ता आहे तुमचा सुन्या. सुरुवात बघावी आणि डोळे मिटून घ्यावेत." त्यानंतर मी जर्मन भाषा, जिम आणि दोन नोकऱ्या सोडल्या, त्यामुळे भांडायला तोंड उरलं नाही.

एकाच माणसाला त्यांनी हवेतली पदवी दिली होती. त्यांच्या बायकोला, शालिनीकाकूंना.

काकू लग्न होऊन आमच्या कॉलनीत आल्या, तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा असेन. तेव्हा तीन मजली बुटक्या इमारती होत्या आणि मध्ये मोठं मैदान होतं. संध्याकाळी आम्ही तिथं खो-खो खेळायचो. ह्या नव्या नवरीनं दोन दिवस गॅलरीतून बघितलं, तिसऱ्या दिवशी साडी वर खोचून खाली आली आणि म्हणाली, "मला घेता का रे?" त्या कॉलेजच्या संघात खो-खो खेळलेल्या होत्या हे आम्हांला काय माहीत! मी पळणारा गडी. कपडे वाळत घालायच्या दोरीचा लोखंडी खांब आमचा एका बाजूचा खांब. त्याला वळसा घालून मी सुटलो असं मला वाटलं, आणि मागून काकूंनी असा सूर मारला, की मी बाद तर झालोच, शिवाय त्यांच्याखाली दबलोही. त्यांचं कोपर फुटलं, माझा गुडघा. आणि कामावरून येत असलेले काका मैदानाच्या कडेला डबा हातात धरून ओरडले, "बहिरी! अरे, ही तर बहिरी ससाणा!"

सांगायला हवं, की बहिरी ससाणा हा हवेतला पहिल्या नंबरचा. काकांच्या भाषेत, "सरळ उडण्यात पाकोळी पक्षीही कमी नाहीत, पण वरून सूर मारावा तो बहिरीनंच. ताशी तीनशेच्या वर!" त्या दिवसापासून काकूंचं नाव बहिरी पडलं. काकांच्या आई नाराज झाल्या. "अरे, चांगलं ऐकायला येतं की तिला!" असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावत राहिल्या. काका ऐकायचे नाहीत. "बहिरी, चहा झाला का?", "बहिरी, माझा रुमाल कुठाय?" असा पुकारा जिन्यातून वर जायचा आणि वरून काकूंचं "आले हो!" यायचं. काकूंना ते नाव फार आवडायचं. त्यांना मूलबाळ झालं नाही. कॉलनीतली आम्ही सगळी पोरं त्यांना "बहिरीकाकू" म्हणायचो आणि त्याही वळून बघायच्या.

आता ते मैदान नाही. इमारती पाडून बावीस मजली टॉवर झाला, मैदानाच्या जागी गाड्या उभ्या राहतात. जुनी माणसं विखुरली, नवी आली. आणि साठी उलटल्यावर काकूंना हळूहळू ऐकू येईनासं झालं. यंत्र आणलं, ते त्यांनी चार दिवस लावून कपाटात ठेवलं. "त्यात सगळं जग एकदम बोलतं," म्हणाल्या. त्या समोरच्याच्या ओठांकडे बघून समजून घ्यायला शिकल्या. काकांचं मात्र काही बदललं नाही. लिफ्टमधून बाहेर पडले की पॅसेजमध्येच सुरू, "बहिरीऽ, मी आलो गं!" तिला ऐकू जाणार नाही हे ठाऊक असूनसुद्धा.

ते ऐकू गेलं चौदाव्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या मॅडमना. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "एका ज्येष्ठ महिलेला तिचा नवरा तिच्या व्यंगावरून चारचौघांत हाक मारतो. हे आपल्याला चालतं का?" खाली पंचवीस जणांनी रागाचे चेहरे टाकले. मी सोसायटीचा सेक्रेटरी. मला त्या नावाची सगळी हकिकत ठाऊक होती. फुटलेल्या गुडघ्याची खूण अजून आहे. ग्रुपवर चार ओळी लिहिल्या असत्या तर काम झालं असतं. पण मी विचार केला, कोण वाद घालत बसणार? आणि गेलो सरळ काकांकडे.

"काका, जरा एक सांगायचं होतं."

"जमिनीवरचं, पाण्यातलं की हवेतलं?"

"हवेतलं," मी म्हणालो आणि फोन पुढं केला.

काकांनी दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. "म्हणजे लोकांना वाटतं, की मी हिला..."

"मला माहितेय हो काका. पण नवीन लोकांना काय माहीत? आता ते नाव बरं नाही दिसत."

"मग काय म्हणू?"

"नावानं हाक मारा की. शालिनी म्हणा."

"शालिनी कोण?" त्यांनी विचारलं. ते चेष्टा करत नव्हते. मग आठवल्यासारखं करून म्हणाले, "हां. रेशनकार्डावर आहे."

दुसऱ्या दिवसापासून पॅसेजमधला पुकारा बंद झाला. काका किल्लीनं दार उघडून मुकाट्यानं आत जायचे. एकदा मी त्यांना "अगं, शालि..." म्हणून मध्येच थांबलेलं पाहिलं. परक्या बाईला अगं-तुगं केल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. लिफ्टमध्येही ते गप्प राहायला लागले. जमिनीवरचंही काही सांगेनात.

पंधरा-वीस दिवसांनी काकूंनी मला खाली गाठलं. ऐकू न येणाऱ्या माणसांचा आवाज जरा मोठा होतो, सगळ्या लॉबीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "सुन्या, हे माझ्यावर रागावलेत का रे? बोलतात, तोंड हलतं. पण त्यात माझं नावच येत नाही."

मी "नाही हो काकू" म्हणालो आणि पार्किंगचं काहीतरी काम काढून सटकलो. त्या क्षणी मला माझी खरोखर लाज वाटली. इतकी वर्षं ज्या बाईनं मला पोटच्या पोरासारखं खायला घातलं, तिचं नाव मी ग्रुपवरच्या पंचवीस चेहऱ्यांना घाबरून काढून घेतलं होतं.

मे महिन्यात सोसायटीत मुलांचा मेळावा होता. प्रायश्चित्त म्हणा हवं तर, मी काकांचं भाषण ठेवलं: "सगळ्यात वेगवान कोण?" काका नको म्हणत होते. मी हट्टच धरला. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, चित्रं मागवली. पहिल्या रांगेत काकू, त्यांच्या मागं चौदाव्या मजल्यावरच्या मॅडम आणि त्यांची छोटी मुलगी.

चित्ता रंगला. मुलं "आधी अंतर सांग!" असं काकांबरोबर ओरडायला लागली. सेलफिश रंगला. मग पडद्यावर पंख मिटून खाली झेपावणारा पक्षी आला आणि काका अडखळले. मॅडमकडे त्यांची नजर गेली. पाण्याचा घोट घेतला. "आणि हवेत... हवेत एक ससाणा असतो," ते म्हणाले. "एक... ससाणा."

काकू त्यांच्या ओठांकडे बघत होत्या. हे भाषण त्यांना पाठ होतं. त्या उठून उभ्या राहिल्या.

"अहो, अर्धंच नाव काय सांगता पोरांना?" हॉल दणाणला. "बहिरी! बहिरी ससाणा! मुलांनो, नीट ऐकून ठेवा. सगळ्यात वेगवान! आणि हे मला त्याच नावानं हाक मारतात. कान जायच्या कितीतरी आधीपासून! आता महिना झाला, मारत नाहीत."

काका स्टेजवरून खाली उतरून आले, काकूंच्या अगदी समोर उभे राहिले आणि ओठ नीट दिसतील असं सावकाश म्हणाले, "बहिरी, बस गं आता. भाषण व्हायचंय अजून." काकू बसल्या आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रम संपल्यावर मॅडम माझ्याजवळ आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "मला खरंच माहीत नव्हतं हो," म्हणाल्या. मला माहीत होतं, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

आठवड्यानं काकांची सही हवी होती म्हणून मी वर गेलो. दार काकांनी उघडलं. काकू आत बाल्कनीत बुटक्या स्टुलावर बसून मेथी निवडत होत्या, आमच्याकडे पाठ करून. मला वाटलं, आता नेहमीसारखा पुकारा होणार. "समोर असली की नाव," काका मला हळूच म्हणाले. "पाठमोरी असली की ओठ दिसत नाहीत ना तिला." आणि ते त्यांच्या त्या संथ चालीनं बाल्कनीत गेले, वाकले, काकूंच्या पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहात टेकवला आणि म्हणाले, "खो!"

काकूंच्या मांडीवरची मेथी खाली सांडली. सत्तरीतले गुडघे कुरकुरले, एक हात कठड्याला गेला, पण त्या उठल्या. आणि खो मिळालेला गडी उठतो तशाच, मागं वळून न बघता. बघायची गरज नव्हती. त्या घरात त्यांना खो देणारं दुसरं होतं कोण?