ढोक नाझरांची न पाहता केलेली सही

आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही, ते सांगतो. आमच्या कोर्टात साक्षीदारांच्या भत्त्याच्या पावत्यांवर जे खोटे अंगठे सापडले, ते माझे होते. शिक्षा ढोक नाझरांनी भोगली.

नाझर म्हणजे कोर्टाची रोकड सांभाळणारा. ढोकसाहेब तिच्यावर पहाराच देत. खिडकीतून दिलेले पैसे समोरच्याने मोठ्याने मोजल्याशिवाय त्याची सुटका नसे. "मोज गा. तोंडातल्या तोंडात नोको, मले ऐकू आलं पाहिजे!" मोजता न येणाऱ्या म्हाताऱ्याला ते बाहेर येऊन मोजायला शिकवत. मागे रांग शिव्या देई.

एकदा पगाराच्या दिवशी त्यांनी खुद्द जज्जसाहेबांना अडवलं.

"साहेब, मोजा."

"ढोक, माझा विश्वास आहे तुमच्यावर."

"तुमचा असंन साहेब. माहा नाही ना!"

लग्न केलं नव्हतं. सक्करदऱ्याला विधवा बहिणीसोबत राहत. मी जेवायला गेलो की ताई हसत सांगत, "हा पोळ्याबी मोजते बाबू. माह्या ताटात एक जास्त पडली का नाही, ते पाहाले." साहेब मान खाली घालून वरण कालवत.

मी त्यांच्या हाताखाली पावत्या लिहायचो. चौथ्या वर्षी एका दुपारी गठ्ठा पुढे केला, तर त्यांनी 'माझ्यासमक्ष दिले' या ओळीखाली एकामागून एक सह्या ठोकल्या. वर पाहिलंसुद्धा नाही.

"साहेब, पाहून घ्या ना."

"तू पाह्यलं ना? मंग?"

साऱ्या जगात विश्वास टाकायला त्यांना मी सापडलो होतो. संध्याकाळी रांगेत उरलेल्या साक्षीदारांना व्हरांड्यात भत्ता वाटायचं कामही मग माझ्याकडेच आलं. पण त्यांच्या मोजणीपायी रांग इतकी लांबे की शेवटची एसटी चुकेल म्हणून खेड्यातले कितीक साक्षीदार पैसे न घेताच पळत. ते पैसे मी खिशात घालू लागलो. पावतीवर माझाच डावा अंगठा. आईचं आजारपण वगैरे सांगता आलं असतं, पण तसलं काही नव्हतं. मला ट्रान्झिस्टर हवा होता.

तपासणीत एका शाळामास्तरांच्या पावतीवर अंगठा निघाला. तपासनीस हसले, "मास्तरांना सही येत नाही?" मग बाकीचेही निघाले. चौकशीत जज्जसाहेब म्हणाले, "सगळ्या स्टाफचे अंगठे घ्या."

माझा हात आपोआप टेबलाखाली गेला. ढोकसाहेबांनी तो जाताना पाहिला. क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले, मग उठले.

"अंगठे काहून घेता साहेब? 'माझ्यासमक्ष दिले' असं मी लिवून देल्लं, अन् पाह्यलं नाही. पैसा मी भरतो. जबाब मले विचारा."

पैसे भरले. नोकरी गेली, पेन्शन गेली. सर्व्हिस बुकात शेरा पडला: अपहारास जबाबदार. मी शेजारच्या खुर्चीवर बसून होतो.

पुढे ते कोर्टाच्या फाटकाशी खोकं टाकून लोकांचे अर्ज लिहू लागले. मी मागच्या फाटकाने जाऊ-येऊ लागलो. एक दिवस तिथंच गाठ पडली. धापा टाकत आले होते.

"काहून गा, इकडून जाऊन राहिला? लंबं पडते ना तुले. समोरून येत जा. मी काही बोलत नाही."

मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागूनच गेलो. असं सहा वर्षं केलं. सातव्या वर्षी ते गेल्याचं कळलं.

आता मी समोरूनच जातो. त्या जागी झेरॉक्सवाला बसतो. त्याने उगीच हाक मारावी, "बस गा," म्हणावं, असं रोज वाटतं. तो कशाला म्हणेल!

ताई अजून सक्करदऱ्याला आहेत. नळावर बाया त्यांना पैसे खाणाऱ्याची बहीण म्हणतात. साहेबांनी भरलेली रक्कम मी ताईंना देणं लागतो. त्याआधी तो शेरा साहेबांच्या नावावरून काढून माझ्या नावावर चढवायचा आहे. त्यासाठीचा अर्ज मी अजून दिलेला नाही.