डॉक्टर शुद्धीवर असल्याचा दाखला

सोमवारी सकाळी सरकारी ग्रामीण रुग्णालयाच्या छताचा गिलावा ड्यूटीवरच्या डॉ. शिवशंकर यांच्या डोक्यात पडला. रुग्णालय बीड जिल्ह्यातलं. गावाचं नाव सांगणार नाही, तिथं माझी सासुरवाडी आहे.

डॉक्टरांचं कपाळ चांगलंच फाटलं, रक्त भळाभळा वाहू लागलं. सिस्टर वर्षाराणी सुई-दोरा घेऊन धावल्या आणि जवळ येऊन थबकल्या.

"सर, ही पोलीस केस हाय. आधी नोंद, मग टाके. तुमचाच नियम."

नियम त्यांचाच होता. अपघाताची जखम डॉक्टरनं पोलिसांना कळवावी, एवढंच कायदा म्हणतो. तोवर रक्त वाहू द्या, असं म्हणत नाही. पण एकदा नोंद राहिली आणि डॉक्टरांमागं चौकशी लागली. तेव्हापासून आपल्या दवाखान्यापुरता त्यांनी कायदा जरा कडक करून घेतला होता.

"मग करा नोंद!"

"डॉक्टरची सही लागते."

"मी कोण आहे?"

"आत्ता तुमी पेशंट हायत."

दुसऱ्या डॉक्टरची खुर्ची होती, तिच्यावर पंखाही होता; डॉक्टर नव्हता. पोलीस ठाण्यात फोन केल्यावर बंकट जमादार आले. त्यांनी गिलाव्याचा तुकडा जप्त केला आणि जबाब घ्यायला बसले.

"काय झालं, सांगा. थांबा, नका सांगू! पेशंट शुद्धीवर हाय, असं आधी डॉक्टरनं लिहून द्यावं लागतं."

"अहो, मी बोलतोय की तुमच्याशी!"

"बोलणारे लई बघितले, साहेब. कोर्टात लेखी लागतं."

स्वतःच्या शुद्धीचा दाखला स्वतःच लिहायला डॉक्टर तयार झाले. शुद्धीवरचा माणूस असं करील का, असं जमादारांनी विचारलं.

"मला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात तरी पाठवा!"

"चिठ्ठीवर सही कुणाची?" म्हणताना वर्षाराणींना रडू फुटलं. बिचारीला खरंच वाईट वाटत होतं. रडता रडता त्या डॉक्टरांच्या शर्टावरचं रक्त पुसत होत्या, कारण शर्टाला नोंद लागत नव्हती.

एवढ्यात तालुक्याचे पुढारी विजयसिंह आले. त्यांना दुपारी अटक व्हायची होती, म्हणून सकाळीच त्यांच्या छातीत कळ आली होती.

"डॉक्टर, भरती करा. सर्टिफिकेट द्या पटकन."

"मी शुद्धीवर असल्याचा दाखला नाही माझ्याकडं."

"कामून? कोण म्हणतंय रं, डॉक्टर शुद्धीवर न्हाई?"

जमादारांनी टोपी सारखी केली. "चांगले शुद्धीवर हायत, साहेब. डोळे उघडे हायत."

डॉक्टरांनी सही केली. "आता माझे टाके?"

"ही सही डॉक्टर म्हणून झाली," जमादार समजुतीनं म्हणाले. "पेशंट म्हणून तुमचं काम येगळं हाय."

डॉक्टर सह्या करतायत म्हटल्यावर बाहेर रांग लागली. एका गुरुजींना मेव्हणीच्या लग्नापुरता टायफॉईड हवा होता, ग्रामसेवकाला बदली टळेपर्यंत पाठदुखी. एका हातानं कपाळ दाबून डॉक्टर दुसऱ्यानं सह्या करत राहिले. शेवटी त्यांची मान टेबलावर पडली.

"आता तर जबाब घेताच येत न्हाई," म्हणत जमादार उठले.

पुढचा नंबर तुमचा होता. मागच्या तारखेची कावीळ हवी होती तुम्हाला. तुम्ही डॉक्टरांना एकदा हलवून पाहिलं, मग त्यांच्या बोटांत पेन धरून हात फिरवलात. मान्य आहे, तुमची एसटी सुटत होती. ऑफिसात कुणी विचारलंच, सही अशी वाकडी कशी, तर सांगा, डॉक्टर लोकांचं अक्षर तसलंच असतं.