अजून दोन मापं

पावडर मोजणारं मशीन मंगळवारी सकाळी बंद पडलं, तेही निम्मं काम करून. मुळातच चालू झालं नसतं तर एक वेळ परवडलं असतं!

जॉर्डनमधल्या इरबिदच्या औद्योगिक वसाहतीतला अबू लैसचा हा छोटा कारखाना. नायलॉनच्या पावडरीचे थर एकावर एक वितळवून तिथे अधू पायांसाठी आधार छापले जात. छापून उरलेली जुनी पावडर फेकायची नाही, तिच्यात नवी मिसळून पुन्हा वापरायची. चार मापं जुनी, दोन नवी. नवी कमी पडली तर आधार पापडासारखा मोडतो. जास्त पडली तर काय होतं, हे कोणी करूनच पाहिलं नव्हतं, कारण नवी पावडर महाग आणि अबू लैस एक नंबरचा चिक्कू.

जुमाना तिथली इंजिनियर. अम्मानच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, तीन महिन्यांच्या बोलीवर आलेली. "ही खेप दवाखान्याच्या डॉक्टर इल्हामला पसंत पडली तर कायमच्या नोकरीचं पत्र," अबू लैसने बजावलं होतं. "नाही तर तुझा रस्ता तुला मोकळा!" इकडे तिच्या आईने पत्र हातात पडायच्या आधीच शेजारीपाजारी कुनाफ्याची मिठाई वाटून टाकली होती. आता बोला!

तर मशीनने चार मापं जुनी टाकली आणि नव्या पावडरीवर त्याचं तोंडच बंद झालं. दमट हवेने गोळे धरले होते. जुमानाने थोपटून पाहिलं, हलवून पाहिलं, शेवटी हात जोडून पाहिले. मग तिने कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या कामगाराला, अबू नायेफला हाक मारली.

"काका, हाताने टाकाल का?"

"हे काय विचारणं झालं? हौरानच्या खळ्यांवर तीस वर्षं गहू मोजलाय मी. तुझं हे पीठ काय चीज आहे!"

"दोनच मापं. पण मोठ्याने मोजा हं, मी बाहेरून ऐकते."

अबू नायेफ मुसकं बांधून काचेच्या खोलीत शिरला. आत पंखा घोंघावू लागला, धुरळा उडाला आणि काच पांढरीफटक झाली. आतलं काही दिसेना. जुमाना कागद-पेन्सिल घेऊन स्पीकरला कान लावून बसली.

"अल्ला एक!" आतून आवाज आला.

म्हातारा देवाचं नाव घेऊन सुरुवात करतोय, बरंच आहे, असं तिला वाटलं.

"त्याला दुसरा नाही!"

जुमाना थांबली. पेन्सिलही थांबली. आत नुसता पंखा घोंघावत होता.

"काका, टाका ना आता दोन मापं!"

"अजून दोन?"

जुमानाला तो 'अजून' ऐकूच गेला नाही. "हो, दोन! आणि मोजा!"

"बरं बाई. अल्ला एक! ... त्याला दुसरा नाही!"

जुमानाने कपाळाला हात लावला. "अहो काका, प्रार्थना दुपारी करा की! आधी दोन मापं टाका, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे!"

आत माप आपटल्याचा आवाज आला. शिकल्यासवरल्या मुलीशी वाद कोण घालणार? मग जरा नाराजीनेच, "अल्ला एक... त्याला दुसरा नाही. पोरी, आता झाकण बसत नाही."

"कशाचं झाकण?"

अबू नायेफ बाहेर आला. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या. "सहा मापं टाकली. सांगितलीस तेवढी."

"तुम्ही तर मोजलंच नाही!"

"मोजलं नाही? खळ्यावर 'एक, दोन' असं कोण म्हणतं? बरकत उडून जाते! पहिल्या मापाला 'अल्ला एक', दुसऱ्याला 'त्याला दुसरा नाही'. तिसऱ्यापासून आकडे. तू तिसऱ्यापर्यंत जाऊ कुठे दिलंस?"

आपल्याकडे पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतात, तसंच हे. पण अम्मानच्या फ्लॅटमध्ये खळं कुठून येणार? जुमाना हिशोब मांडू लागली. मिसळलेली पावडर काही वेगळी करता येत नाही, दुसरी पावडर नाही, आणि डॉक्टर गुरुवारी येणार. छपाईला एक दिवस, निवायला एक दिवस. तिने डोळे मिटून बटण दाबलं. ते दोन दिवस आईचा फोन आला की ती "कामात आहे" म्हणायची आणि मशीनकडे बघत बसायची.

गुरुवारी डॉक्टर इल्हाम आल्या. त्यांनी पहिला आधार उचलला आणि दोन्ही हातांनी वाकवला. अजून वाकवला. पार दुमडला. आधार टण्णकन सरळ झाला!

"असा माल तुम्ही कधीच दिला नव्हता, अबू लैस!" डॉक्टर म्हणाल्या. "प्रमाण काय घेतलंत?"

"चार जुनी, दोन नवी. नेहमीचंच," अबू लैस छाती फुगवून म्हणाला.

गप्प बसलं तर पत्र जुमानाच्या हातात होतं. पण उद्या कुणाचा पाय यावर उभा राहणार होता. "दोन नाही, सहा," ती कशीबशी म्हणाली आणि रडवेली होऊन सगळं सांगून मोकळी झाली.

अबू लैसचा चेहरा अबू नायेफच्या भुवयांइतका पांढरा पडला. डॉक्टर मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "सगळी मागणी याच प्रमाणात हवी. आणि मोजायला हीच दोघं. नाही तर मी दुसरीकडे जाते."

अबू लैसने सुस्कारा सोडला, पत्राच्या दोन प्रती जुमानापुढे सरकवल्या आणि पाठ करून कपाटात शिक्का शोधू लागला. "दोन सह्या कर."

"अल्ला एक," पहिली सही करत जुमाना पुटपुटली. "त्याला दुसरा नाही."

"आहे गं बाई, एकच आहे!" तो कपाटातूनच ओरडला. "पण आधी सह्या कर की!"