गुणवंतरावांची जीप गडचिरोलीला पोचली

नवी मोटार माणसाला फक्त इकडून तिकडे नेते. माणूस म्हणून घडवते ती जुनी मोटार, याबद्दल विचारवंतांत दुमत नाही. (विचारवंतांपैकी कोणाकडेच मोटार नव्हती, ही बाब येथे गौण आहे.)

धानोऱ्याच्या वाटेवरल्या मोहटोल्याचे माजी मालगुजार गुणवंतराव खरे तर घडण्याच्या वयाचे राहिले नव्हते. पण सरकारने मालगुजारी काढून घेतली, त्यांच्या दारासमोरून जाताना लोक जोडे हातात घेईनासे झाले, आणि दिवसभर ओसरीवर बसून करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा त्यांनी चांद्याच्या एका लाकूड-ठेकेदाराकडून लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घेतली. ही जीप ब्रह्मदेशात लढली आहे, असे ठेकेदाराने शपथेवर सांगितले. कोणत्या बाजूने, ते सांगितले नाही.

जीप गावात आली ती लटारूच्या बैलजोडीमागे. लटारू म्हणजे गावातला काडीपैलवान. अंगात मांस म्हणून नव्हते, पण बैल तगडे. बैलांनी ती इतक्या सहज ओढत आणली की गुणवंतरावांनी वेशीतच तिच्या चालीची तारीफ केली.

यंत्रशास्त्रानुसार मोटारीचे सुटे भाग तीन प्रकारचे असतात: सुटलेले, सुटण्याच्या बेतात असलेले, आणि सुटून कुठेतरी पडले पण मालकाला अजून पत्ता नाही असे. गुणवंतरावांनी तिन्ही प्रकारांचा मन लावून अभ्यास केला. रेडिएटर गळू लागला तेव्हा त्यात हळद टाकली. हळदीने भोक बुजते. त्या साली जीपला इतक्या वेळा हळद लागली की घरात वरण पांढरे शिजू लागले. मागच्या टायरांत हवा टिकेना, म्हणून धानाचे तणस ठासून भरले. हा उपाय सर्वार्थाने यशस्वी ठरला. एवढेच की जीप निघाली की मागे गावच्या गाई निघत. पेट्रोल ओढणारा पंप मेला, तेव्हा पेन्शनीत निघालेले सोमाजी गुरुजी पेट्रोलचा डबा मांडीवर घेऊन बॉनेटवर बसू लागले. डब्यातून रबरी नळी थेट इंजिनात. गुरुजींना विडीचे व्यसन होते. ते पहिल्याच दिवशी सुटले. जीपमुळे गावात ज्या सुधारणा झाल्या, त्यांतली ही ठळक.

गुणवंतरावांच्या पत्नी इंदुताई यांनी, "या गाडीपायी मले फिक्कं वरण गिळावं लागून राह्यलं," असे मत मांडले. ते ऐकून घेण्यात आले.

राहता राहिला थांबण्याचा प्रश्न. जीप हुकमी थांबे, पण एकदा थांबली की पुन्हा सुरू व्हायला तिची मर्जी लागे. म्हणून ती चालू झाल्यावर थांबवायची नाही, असा घरचा नियम झाला. पाहुण्यांना चालत्या गाडीत चढवत आणि चालत्या गाडीतूनच उतरवत. (उतरताना व्याही पडले. संबंध टिकले.)

अशात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सरपंच गुणवंतरावच, दुसऱ्या कोणी अर्ज भरायचा नाही, असे गावाने एकमुखाने ठरवले. सरपंचाला गडचिरोलीला खेपा घालाव्या लागतात आणि गावात जीप तेवढी त्यांच्याकडे, हे कारण सर्वांना पटले. जीप गडचिरोलीला आजवर एकदाही पोचली नव्हती, हा मुद्दा कोणी काढला नाही. गावात माणुसकी होती.

गुणवंतरावांचा मात्र सगळा जीव या अर्जात अडकला होता. नावामागे लागलेला 'माजी' त्यांना दातात अडकलेल्या सुपारीसारखा छळत होता. अर्जाच्या शेवटच्या दिवशी ते कडक इस्त्रीचे धोतर नेसून पहाटेच तयार झाले. लटारूने बैलगाडी जुंपू का म्हणून विचारले. त्यावर, सरपंच व्हायला निघालेला माणूस बैलगाडीने गेला तर जीप काय कोंबड्या बसवायला घेतली, असे त्यांनी त्याला विचारले. तेव्हा जीपच निघाली. सुकाणूच्या चाकावर गुणवंतराव, बॉनेटवर अर्ज खिशात घातलेले सोमाजी गुरुजी, मागे इंदुताईंचा भाऊ मनसाराम, आणि बैल लागलेच तर परत पळत जाऊन आणायला लटारू.

अर्धी वाट छान झाली. नाल्यापलीकडच्या चढावर जीपने उसासा टाकला आणि ती थांबली.

लटारू आणि मनसाराम मागून रेटू लागले. जीप हलेना. ऊन चढले, मोहाच्या सावल्या आखडल्या. तीनच्या आत अर्ज पडला पाहिजे, असे गुरुजी बॉनेटवरून अधूनमधून सांगत राहिले. शेवटी मनसाराम, जो बहिणीच्या लग्नापासून मेहुण्यांपुढे तोंड उघडत नसे, घाम पुसत म्हणाला, "भाऊजी, गाडीत जड काई असंन तं तुमीच हा."

गुणवंतरावांनी क्षणभर विचार केला. म्हणणे शास्त्राला धरून होते. जड माणूस खाली उतरला पाहिजे, आणि ज्याच्या रेटण्याने कवडीचा फरक पडत नाही तो वर बसला पाहिजे. त्यांनी लटारूला चाकावर बसवले, हे इकडे, पाय तिथे, बाकी कशालाच हात लावायचा नाही, एवढे शिकवले, आणि धोतराचा काचा मारून आयुष्यात प्रथमच कशालातरी मागून खांदा लावला.

गंमत म्हणजे त्यांना ते आवडले. पत्रा तापलेला, मनसारामच्या घामाचा वास नाकात, तोंडात धूळ, आणि दोघांच्या तोंडून एकदमच "हय्या" निघालेले. चढ संपला, उतार लागला, जीपने काळाकुट्ट ढेकर दिला आणि ती पळाली. गुणवंतराव गुडघ्यांवर पडले. पुढे लटारू बैलांना म्हणतात तसे "हो, हो, हो" करत होता. जीपला ती भाषा येत नव्हती.

मनसाराम ओरडणार होता. पण गुणवंतरावांनी मान वर केली. अर्ज पुढे चालला होता, सरपंचकी पुढे चालली होती, आणि जीपही चालली होती, डुलत, धूर सोडत, फुलासारखी. त्यांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि छाती फोडून ओरडले, "थांबवू नको रे, लटारू! थांबवू नको!"

पुढचे सरकारी दप्तरात आहे. जीप गडचिरोलीला पोचली आणि तहसील कचेरीला घिरट्या घालू लागली. अर्जाची वेळ भरत आली, तेव्हा गुरुजींनी डबा पोटाशी धरून उडी घेतली. नळी निसटली, आणि जीप पायरीशी येऊन निमूट उभी राहिली. कारकुनाने उमेदवार कोण म्हणून विचारले. मागून चालत येताहेत, असे गुरुजी म्हणाले. येत असलेल्या उमेदवाराची नियमांत तरतूद नव्हती. कारकुनाने चष्म्यातून बाहेर पाहिले.

"मग जीपच्या चाकावर बसले आहेत ते कोण?"

अर्ज पडला नाही तर गाव बिनसरपंचाचे राहते, हे गुरुजींना माहीत होते. अर्जात उमेदवाराचे नाव भरायचे राहिलेच होते, ते त्यांनी लटारूचे भरले. बाजाराला आलेला गावचा झिंगू अनुमोदनाला सापडला. लटारूची बोटे चाकाला घट्ट चिकटली होती. दोघा शिपायांनी ती एकेक करून सोडवली आणि त्यांतला अंगठा अर्जावर उमटवला. अर्ज एकच, म्हणून निवड बिनविरोध.

उन्हे कलताना गुणवंतराव पाय ओढत कचेरीशी आले. गुरुजींनी सगळे सांगितले. लटारू झाडामागे लपला होता. गुणवंतराव जीपभोवती एक फेरी मारून आले. मग लटारूजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "आश्रमशाळेजवळचा चढ कसा घेतला रे तिनं?"

"चढली जी, भाऊ. दम नाई घेतला."

"मंधात कुठी अडकली?"

"कुठीच नाई जी."

गुणवंतरावांचे डोळे भरून आले. सरपंचकी गेली हे घरी इंदुताईंनी विचारून घेतले. जीप एका दमात गडचिरोलीला पोचली हे गुणवंतरावांनी कोणी न विचारता सगळ्या पंचक्रोशीला सांगितले. ती कोण उतरल्यामुळे पोचली, हे त्यांना कोणी सांगितले नाही. तेव्हापासून सरकारी कामाला निघताना चाकावर सरपंच लटारू बसतात आणि मागून गुणवंतराव ढकलतात. दोघेही खूश आहेत, गावही.

वाचकांना हे वाचून हसू आले असेल. यायलाच पाहिजे. फक्त हसता हसता एकदा आपल्या तळहातांखाली पाहावे: चाक आहे की पत्रा. आणि पत्रा असला तरी घाबरू नये, गाडी आपलीच आहे.